रिफ्लक्स की अल्ट्रासाउंड?

रसायनशास्त्रातली बिजिनेली अभिक्रिया १८९१ची. बेन्झाल्डिहाइड, युरिया, इथाइल अॅसिटोअॅसिटेट, थोडं आम्ल, की नायट्रोजन असलेलं वलयी संयुग तयार. रिफ्लक्सवर, म्हणजे मिश्रण उकळत ठेवून त्याची वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडत, याला कित्येक तास लागतात आणि तोवर वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचा नळ वाहतच राहतो. जळगावच्या मे महिन्यात, घरी टँकरची वाट बघत असताना, ते पाणी सिंकमध्ये जाताना खरंच बघवत नाही.

तोच फ्लास्क अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या, पाण्याच्या टबात ठेवला, की ४० किलोहर्ट्झच्या लहरींनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे फुटतात. तिथे क्षणभर सुमारे ५००० केल्विन तापमान होतं, फ्लास्क मात्र हाताला कोमटच लागतो! काम बरेचदा तासाभरात उरकतं; पांढरा साका गाळून घ्यायचा.

टबात फ्लास्क बोटभर सरकला तरी फरक पडतो, आणि किलोभर माल करायचा तर रिफ्लक्सच बरा. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला मात्र मी टबच निवडेन.