गल्लीच्या तोंडाशी असलेले पोळी-भाजी केंद्र

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाळा आहे. त्या गाळ्यात मोबाइलची दोन दुकाने, एक केकचे दुकान आणि एक झेरॉक्सवाला असे सगळे येऊन गेले. २०२१ च्या दिवाळीनंतर तिथे पोळी-भाजी केंद्राची पाटी लागली तेव्हा, बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षे काढल्यामुळे जडलेल्या सवयीने, हेही वर्षभरात शटर ओढणार असे मी मनाशी धरून टाकले होते. माझा अंदाज साफ चुकला. आता आम्हा दोघांचे रात्रीचे जेवण आठवड्यातून चार दिवस तिथूनच येते.

आधी पदार्थांविषयी. पोळी घडीची, तीन पदर सुटणारी आणि सकाळची संध्याकाळी खाल्ली तरी वातड न होणारी असते. भाज्या रोज दोनच, एक पालेभाजी किंवा फळभाजी आणि एक उसळ. मटकीची उसळ उत्तम, कारण मोड पुरेसे लांब आलेले असतात आणि गोडा मसाला हात राखून घातलेला असतो. ज्वारीची भाकरी मात्र आधी सांगून ठेवली तरच मिळते. साध्या पोळीला १२ रुपये आणि पाव किलो भाजीला ७० रुपये हे दर या भागात स्वस्तही नाहीत आणि महागही नाहीत. पनीर, पुलाव, थालीपीठ यांपैकी काहीही मिळत नाही. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांनी ‘हे ठेवा, ते ठेवा’ असा बराच आग्रह केला, तरी मालकीणबाईंनी फळ्यावरची यादी वाढवली नाही, आणि गाळा टिकण्याचे एक कारण मला त्या आखूड यादीतच दिसते. उरलेले पनीर दुसऱ्या दिवशी कोणाला वाढणार, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

काउंटरच्या मागे, परातीशेजारी, सोनाराकडे शोभावा असा एक लहान वजनकाटा ठेवलेला आहे. पोळ्या लाटणाऱ्या दोघीजणी मधूनमधून एखादा गोळा त्यावर टाकून पाहतात. गोळा ५० ग्रॅमचा हवा. एकदा मी गमतीने म्हटले, ‘अहो, घरी कोणी कणीक तोलते का?’ त्यावर मालकीणबाई म्हणाल्या, ‘काकू, घरी पोळी विकत नाहीत ना!’ घरी येऊन मी हिशेब मांडला. एक किलो पीठ पाण्यासकट भिजवले की साधारण १,६५० ग्रॅम कणीक होते आणि ५० ग्रॅमच्या गोळ्याने तिच्या ३३ पोळ्या होतात. हात थोडा सैल सुटून गोळा ५५ ग्रॅमचा झाला, तर ३० च होतात. दिवसाला पंधरा किलो पीठ लागते असे धरले, तर ४५ पोळ्या कमी, म्हणजे ५४० रुपये रोज, आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर चौदा हजार. गल्लीतल्या एवढ्याशा गाळ्याचे भाडे याच्याच आसपास असते. गिऱ्हाइकाला ते पाच ग्रॅम कळतही नाहीत.

कर्ज मागायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मशिनरी, फर्निचर, पाटी, डिपॉझिट हे खर्च तोंडपाठ असत. खेळते भांडवल, म्हणजे रोजचा माल भरायला हाताशी लागणारा पैसा, किती लागेल, असे विचारले की मात्र ते गप्प होत. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली, ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळू लागले, तेव्हाही त्यातले निम्मे पैसे दिव्यांच्या पाटीवर घालून तिसऱ्या महिन्यात किराण्याच्या उधारीत बुडालेले लोक मी पाहिले आहेत. हे दुखणे जुनेच आहे. गिरणगावात घरगुती खाणावळ चालवणाऱ्या बायकांना गिरणी कामगारांकडून पैसे महिन्याच्या पगाराला मिळत, पण धान्य रोज लागे, म्हणून त्या वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजात अडकून पडत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली, ती मुख्यतः ही मधली फट बुजवण्यासाठी. आमच्या गल्लीतल्या केंद्राने ती फट पडूच दिलेली नाही. महिन्याचा डबा लावणाऱ्यांनी १ ते ५ तारखेच्या आत पूर्ण पैसे भरायचे, एरवी रोख किंवा क्यूआर कोड, आणि उधारी माझ्यासारख्या रोजच्या गिऱ्हाइकालाही नाही. एकदा माझ्याकडे वीस रुपये कमी पडले, तेव्हा दोन पोळ्या निमूटपणे परत घेतल्या गेल्या. त्या क्षणी मला राग आला होता, हे कबूल करते.

कागदपत्रांच्या बाबतीत सगळे स्वच्छ दिसते. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे आणि सिलिंडर १९ किलोचे, व्यावसायिकच आहेत. घरगुती सिलिंडर लपवून वापरणारी केंद्रे मी पाहिली आहेत.

मध्यंतरी मोबाइलवरून मागणी घेऊन घरपोच देणाऱ्या एका कंपनीशी त्यांनी करार केला होता. त्या चार महिन्यांत आम्हा शेजाऱ्यांचे हाल झाले. आम्ही रांगेत उभे आणि पोळ्या चालल्या पाठीवर पेटी लावलेल्या मुलांबरोबर, असे चित्र रोज दिसे. कंपनीचे कमिशन कापून गेल्यावर १२ रुपयांच्या पोळीत काय उरते, हे बहुधा पहिल्या महिन्यातच कळले असावे, कारण मग त्या पोळीचा दर १६ झाला, मागणी आटली आणि ते प्रकरण संपले.

या धंद्यात खरा घास गिळतो तो पाऊस. संध्याकाळी सातनंतरचे बहुतेक गिऱ्हाईक लोकलमधून उतरून येते. जुलैतल्या एका संध्याकाळी रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या, तेव्हा केलेल्या दीडशेहून अधिक पोळ्या डब्यात पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर ‘कालच्या पोळीचा कुस्करा, ३० रुपये’ अशी स्वच्छ अक्षरांत ओळ होती. कांदा, शेंगदाणे, वर लिंबाची फोड. थोड्याच वेळात पातेले रिकामे झाले. त्यानंतर पावसाळ्यात संध्याकाळी नुसते गोळे करून ठेवले जातात आणि लोकल आल्याची गर्दी दिसली की मगच तवा तापतो. त्यामुळे दहा मिनिटे थांबावे लागते, पण पोळी वाफाळती हातात पडते.

तक्रारीही आहेत. दोडक्याची आणि दुधीची भाजी हमखास पाणचट असते. आमटी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत कढत ओततात, ती घरी येईपर्यंत फुटेल की काय अशी धास्ती वाटते आणि एकदा माझी फुटलीही आहे. मे महिन्यात लाटणाऱ्या बायका गावी गेल्या की पोळीची घडी बिघडते, पदर सुटत नाहीत. तेवढ्यापुरते दर कमी करावेत असे मी सुचवले, पण ते मानले गेले नाही. रांगेत उभे राहायला छप्पर नाही.

वेळ सकाळी साडेनऊ ते दीड आणि संध्याकाळी सहा ते साडेनऊ, सोमवारी बंद. गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक आणि होळीला पुरणपोळी फक्त आगाऊ नोंदणीवर मिळते, तीही अर्धे पैसे भरूनच. भरली वांगी शनिवारी सकाळी असतात आणि बाराच्या आत संपतात. आमटीसाठी घरून डबा न्यावा.