फुकट जमिनीच्या सल्ल्याचे साडेतीन हजार

परदेशातल्या जमिनीचा सल्ला देणाऱ्या एका ऑफिसला पाचपैकी दोन स्टार देतोय. तेही सल्ला देणाऱ्या मॅडम वैतागल्या नाहीत म्हणून.

आमचा भाचा बीएस्सी ॲग्री आहे. पिंपळगावला घरची साडेचार एकर, त्यातली दीड एकर द्राक्षं. दोन वर्षं अवकाळीनं ऐन काढणीत बाग झोडपली, तेव्हापासून पोराच्या डोक्यात परदेश शिरलाय. एक दिवस त्यानं मोबाईल पुढे धरला. ‘अमेरिकेत फुकट जमीन’. ऑफिस नाशकात, कॅनडा कॉर्नरकडे. अमेरिकेतली जमीन कॅनडा कॉर्नरला मिळते म्हटल्यावर मला तिथेच शंका यायला हवी होती. सेमिनार मोफत, ‘वैयक्तिक सल्ला’ साडेतीन हजार, पावतीवर आधीच छापलेलं की पैसे परत मिळणार नाहीत.

सेमिनारच्या पहिल्याच स्लाईडवर हे एवढ्या अक्षरात ‘१६० एकर’. भाचा मला कोपरानं ढोसायला लागला. मी विचारलं, “मॅडम, पाणी किती फुटांवर लागतं?” त्या म्हणाल्या, “सर, नळाचं पाणी येतं.”

एकशे साठ एकरांना नळ! मग एकेक उलगडत गेलं. ते १६० एकर १८६२ सालच्या होमस्टेड कायद्याचे. पाच वर्षं तिथे राहून जमीन कसली की नावावर व्हायची. तो कायदा १९७६ मध्ये गुंडाळला, अलास्कात आणखी दहा वर्षं चालला. आता कॅन्सस राज्यातली लिंकन, मार्केट यांसारखी गावं (मार्केट हे गावाचं नाव, यार्डाशी संबंध नाही) जे फुकट द्यायला निघाली, ते म्हणजे गावठाणातले घरापुरते प्लॉट. मोजणी एकरात नाही, गुंठ्यात करायची. त्यावर ठरलेल्या मुदतीत घर बांधायचं, बांधकामाचा सगळा खर्च आपला. थोडक्यात सातबारा नाही, एनए प्लॉट. स्लाईडवर खाली बारीक अक्षरात हे होतंही, पण मधल्या रांगेतून वाचायला दुर्बीण लागली असती.

गावं फुकट का देतात, हे मात्र मॅडमनी चांगलं सांगितलं. यंत्रं मोठी झाली, शेती थोड्या हातांत गेली, पोरं शहराकडे. शाळेचा पट घटला की शाळा शेजारच्या गावात विलीन होते, आणि शाळा गेली की किराणा दुकानही फार दिवस टिकत नाही. हे कळायला मला स्लाईड लागली नाही. ताईच्या वस्तीवरच्या शाळेत चौथीपर्यंत मिळून अकरा पोरं आहेत.

कॅन्सस राज्याची २०११ पासूनची योजनाही त्यांनी सांगितली: ठरावीक काउंट्यांत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) राहायला येणाऱ्या पदवीधराला शिक्षणकर्ज फेडायला पाच वर्षांत मिळून १५,००० डॉलरपर्यंत मदत. भाचा एकदम सरसावून बसला. साडेतीन हजार भरून आम्ही आतल्या केबिनमध्ये गेलो, तेव्हा मी मूळ प्रश्न विचारला, “प्लॉट मिळाला तर व्हिसा मिळतो का?”

मॅडम पाणी प्यायल्या. “नाही सर. व्हिसाचं वेगळं बघावं लागतं.”

म्हणजे प्लॉट आपल्या नावावर, आणि आपण तिथे पाहुणे. गाव प्लॉट देऊ शकतं, देशात राहायची परवानगी ते कुठून देणार? हे एक वाक्य जाहिरातीत असतं तर आमचा दिवस, पिंपळगावहून येण्याजाण्याचं पेट्रोल आणि साडेतीन हजार वाचले असते. गावांना मी दोष देत नाही. त्यांच्या अटी त्यांनी स्वतःच्या वेबसाईटवर उघड मांडलेल्या असतात, भाच्यानं घरी येऊन तासाभरात वाचून काढल्या. यांनी तेवढंच वाचून आम्हाला विकलं.

फोन मात्र वेळेवर उचलतात, पार्किंगही मिळालं. कुणाला अमेरिकेतल्या गावांबद्दल ऐकायचंच असेल तर मोफत सेमिनारला बसा, आतल्या केबिनमध्ये जाऊ नका.

परवा त्यांचा मेसेज आला, “इटलीत एक युरोत घर”. सिसिलीतल्या सांबुका गावाचा फोटो. भाचा आता शहाणा झालाय, त्यानं आधी अटी काढल्या. तीन वर्षांत डागडुजी करायची आणि हमीपोटी ५,००० युरो भरायचे. फोन ठेवत म्हणाला, “मामा, एवढ्यात आपल्या दीड एकरावर प्लास्टिकचं आच्छादन होईल.” आता तो त्याचंच कोटेशन घेत फिरतोय.