दादरचा तीन रविवारांचा सिनेमा-क्लास: पैसे वसूल झाले का?

आधीच सांगते, क्लासचं नाव देत नाहीये. आयोजक मंडळी मनाने चांगली आहेत आणि पुढे मी जे लिहिणारे ते सगळंच काही गोड नाही. दादर वेस्टला एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मे महिन्यात तीन रविवार 'जुना सिनेमा कसा बघायचा' असा रसग्रहण वर्ग होता, सकाळी साडेदहा ते दोन, फी माणशी २४०० रुपये, मध्ये चहा आणि दोन बिस्किटं. मी आणि माझे सासरे, अण्णा, दोघांनी नाव घातलं. फोनवर ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे म्हणाले होते, तिथे गेल्यावर म्हणे ती मागच्या बॅचला होती. अण्णा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, त्यांनी शांतपणे पैसे काढून दिले आणि पावती मागितली, ती तिसऱ्या रविवारी मिळाली.

आणि रविवारच का हो? मुंबईत क्लास काढणाऱ्या माणसाला मेगाब्लॉक, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचे रूळ बंद ठेवणं, माहीत नसतं का? आम्ही कळव्याचे. जाताना स्लो मिळायची, येताना तीच फास्ट ट्रॅकवर वळवलेली, तुडुंब भरलेली, आणि शहात्तर वर्षांचा माणूस दरवाज्याजवळ दांडा धरून उभा.

पहिला रविवार फाळक्यांचा. खरं सांगायचं तर अर्धा वेळ माहीत असलेलंच ऐकलं. ७ जुलै १८९६ला काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ, ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला 'राजा हरिश्चंद्र', हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण एक गोष्ट सरांनी मस्त सांगितली. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेला उभं केलं हे आपण ऐकलेलं असतं, सरांनी मात्र पडद्यावर त्याचे हात बघायला लावले, पदर सावरताना, पोराला जवळ घेताना. हे असं बघा असं आजवर कोणी म्हणालंच नव्हतं. शिवाय आज जी रिळं आपण बघतो ती १९१३चीच की १९१७च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही हेही त्यांनी लपवलं नाही, ते आवडलं.

आता झेरॉक्सबद्दल. चार पानं दिली होती, त्यात लिहिलंय की 'श्वास'ला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. नाही हो मिळालं! 'श्वास' भारताची अधिकृत एन्ट्री होता, २००४ साली, त्याच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली तेही आठवतंय, पण शेवटच्या पाचात तो आला नाही. परभाषा विभागात भारताकडून पाठवलेले फक्त तीनच शेवटच्या पाचात पोचलेत, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. एन्ट्री आणि नॉमिनेशन यात फॉर्म भरणं आणि मेरिट लिस्टमध्ये येणं एवढा फरक आहे. पैसे घेऊन शिकवताय तर एवढं तरी तपासा. मी चहाच्या वेळी सांगितलं, "हो हो, करेक्ट करू" म्हणाले, पुढच्या रविवारी नव्या दोन मुलांना तीच चार पानं दिली.

दुसरा रविवार. हा एक रविवार २४०० रुपयांचा होता असं माझं मत आहे, बाकीचे दोन फुकट आले समजा.

सुरुवात मात्र फजितीने. 'संत तुकाराम' लावला, १९३६, प्रभात, दामले-फत्तेलाल, आणि पडद्यावर तुकोबा आले ते चांगले गुटगुटीत. मला काही कळलं नाही, मला वाटलं असतील. अण्णा पहिल्या रांगेत होते, ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अहो सर, पागनीस एवढे जाडे नव्हते." पागनीस म्हणजे तुकोबांचं काम करणारे नट. सगळे हसले. अण्णांनी लहानपणी गावाच्या जत्रेत तंबूत बघितलेला हा सिनेमा, ते काही केल्या बसेनात. मग लक्षात आलं की जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी आणि प्रोजेक्टर सेट केलेला आजच्या लांबट टीव्हीच्या मापाला, म्हणून चित्र आडवं ताणलं गेलंय, देहूची झाडंसुद्धा फुगलेली. रिमोट शोधण्यात दहा मिनिटं गेली, सेटिंग बदललं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मध्ये विष्णुपंत पागनीस, सडसडीत, डोळे मिटून. हॉलमध्ये कोणीतरी "आहाहा" म्हणालं. घरी टीव्हीवर जुने सिनेमे ताणून बघता ना, जरा ते बटण दाबून बघा.

सरांनी मग चमत्कारांवर वेळ घालवला नाही, जिजाईवर घालवला. गौरी नावाची बाई, प्रभातमध्ये आधी किरकोळ कामं करणारी, आणि अख्ख्या सिनेमात हिचं लक्ष चुलीवर आणि पोरांवर. आजारी पोराला ओढत देवळात जाते आणि विठोबावर पायतण उगारते तो सीन त्यांनी तीनदा दाखवला, एकदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा बघताना मला तिच्या चालण्यात माझी आजी दिसली, पुढचं मी नीट ऐकलं नाही. 'आधी बीज एकले' हा तुकारामांचा अभंग नसून शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलाय हे सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या एका काकू भांडायलाच उठल्या, त्या भजनी मंडळात तो अभंग म्हणून म्हणतात. आठवल्यांना याहून मोठं बक्षीस काय मिळणार, व्हेनिसच्या महोत्सवात सिनेमाचं झालेलं कौतुक बाजूला ठेवा.

चहानंतर 'कुंकू', १९३७, व्ही. शांताराम, तरुण नीराचं म्हाताऱ्याशी लग्न लावून देतात त्याची गोष्ट. सर म्हणाले यात पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलंच, भांडी, पावलं, भिंतीवरचं घड्याळ. आणि मग त्यांनी काय केलं, तर हॉलचे सहाही पंखे बंद केले. मे महिना, दादर, दुपारचे साडेबारा. ते पंखे म्हणजे घर्रर्र करत फिरणारी शाळेची जुनी धुडं, ती थांबल्यावर आधी रस्त्यावरचा हॉर्न आला, मग तोही मागे पडला आणि त्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातली शांतता ऐकू यायला लागली. घामाच्या धारा लागल्यात, कोणी हलत नाहीये, आणि नवरा झालेले केशवराव दाते आरशासमोर. शांता आपट्यांची नीरा या लग्नाला मान्यता देत नाही, आणि ते नाही म्हणणं बहुतेक वेळा एका दाराच्या आवाजात असतं, संवादात नंतर येतं. मी हा सिनेमा आधी दोनदा बघितलाय, कांदे चिरता चिरता, आणि मला वाटायचं मला तो माहितीये. वीस मिनिटांनी पंखे लावले तेव्हा टाळ्या पंख्यांना होत्या की शांतारामांना, सांगता येणार नाही.

सावत्र मुलगी झालेल्या शकुंतला परांजपे म्हणजे रँग्लर परांजप्यांची मुलगी, संततिनियमनाच्या कामातली, हेही तिथेच कळलं. त्या पडद्यावर आल्या की वाक्यं नाटकी वाटत नाहीत.

तिसरा रविवार अवॉर्ड प्रेडिक्शनचा, म्हणजे बक्षीस कोणाला मिळणार ते आधीच ओळखण्याचा. शिकवायला पंचविशीतला मुलगा, लॅपटॉपवर स्टिकर्स, दर वाक्यात 'रेस' आणि 'मोमेंटम'. मी मनात म्हटलं झालं, आता हा घोड्यांच्या शर्यतीचं सांगणार. पण एक प्रयोग त्याने झकास केला. ऑस्करला बेस्ट पिक्चरचं मतदान पसंतीक्रमाने होतं, १, २, ३ असे नंबर द्यायचे, निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नसली तर शेवटचा सिनेमा बाद आणि त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीला जातात. त्याने आम्हा २३ जणांना पाच मराठी सिनेमे दिले आणि चिठ्ठ्या लिहायला लावल्या. पहिली मोजणी: तुकाराम ८, श्वास ६, कोर्ट ५, सामना ३, कुंकू १. ते एक मत माझं. लगेच बाद! माझी चिठ्ठी तुकारामाकडे गेली, ९. मग सामना बाद, दोन चिठ्ठ्या श्वासला, एक कोर्टला. मग कोर्ट बाद, त्यातल्या पाच श्वासला, एक तुकारामाला. श्वास १३, तुकाराम १०. पहिल्या मोजणीत पुढे असलेला हरला! अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्यांनी दोनदा बेरीज तपासली, पार्सलवाल्या नजरेने. पोरगा म्हणाला, "बघा, कोणाचा जीव की प्राण असून चालत नाही, कोणाच्या डोळ्यात खुपून पण चालत नाही." या एका खेळात मला कळलं की दरवर्षी एखादा बरा बरा सिनेमा कसा जिंकतो.

मग तो म्हणाला की एप्रिल २०२५मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियम जाहीर केला, अंतिम मतदानात ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे नॉमिनेटेड सिनेमे बघितलेले असले पाहिजेत. अण्णांनी हात वर केला. "म्हणजे इतकी वर्षं न बघता देत होते?" त्या बिचाऱ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णा दादरहून थेट घाटकोपरपर्यंत हेच हसत होते.

बाकी त्या दिवशीचं भाकीत सांगण्याचं सेशन म्हणजे कोण कुठल्या पार्टीत कोणाला भेटलं एवढंच. राष्ट्रीय पुरस्कारांवर पाच मिनिटं. अहो, पहिलं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला, मग मराठीला थेट 'श्वास', पुढे 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव', यावर एक अख्खा रविवार झाला असता, त्या मधल्या पन्नास वर्षांत काय झालं हेच तर विचारायचं होतं मला. आणि आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी पहिलं भारतीय ऑस्कर, २०१२ साली ट्रॉफी सांभाळायला अकादमीलाच परत दिली त्यांनी, त्यांचं नावसुद्धा आलं नाही.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: एकाच रविवारचे पैसे भरू देत नाहीत, मी विचारलं. पडदे पातळ आहेत, खिडकीपासून लांब बसा. पाणी घेऊन जा. सुटल्यावर शिवसेना भवनाकडे चालत जाऊन प्रकाशचं पियुष प्या, आम्ही तीनही रविवार प्यायलो. पावती पहिल्याच दिवशी मागा.

पुढची बॅच जुलैत आहे म्हणे. त्या हॉलच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, पंखे बंद केले तरी पाऊस धडाधडा वाजणार, तेव्हा कुंकू पावसाळ्यात लावू नका असा मेसेज मी सरांना केलाय. दोन ब्लू टिक दिसतायत, उत्तर नाही.