भाजीपाल्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा: वापरानंतरचा अनुभव

टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी या पिकांच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी) टाल्क भुकटीत मिसळलेल्या पावडरीच्या रूपात काही महिने वापरल्यावर मत पक्कं झालंय. रोपवाटिकेतली मर, म्हणजे कोवळी रोपं कोलमडून मरणं, कमी करायला ही बीजप्रक्रिया उत्तम, पण बुरशी बियाण्यावर जिवंत राहिली तरच.

प्रमाण किलोला १० ग्रॅम. चिकटण्यासाठी १०० मिली पाण्यात १० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचा. किलोभर बियाण्याला त्यातलं १० ते १५ मिली पुरतं. आधी बी ओलसर करायचं, मग पावडर भुरभुरत पसरट भांड्यात हलक्या हाताने फिरवायचं. सावलीत पातळ पसरून अर्धा-एक तास सुकवलं की दाणे सुटे व्हायला हवेत आणि दाणा बोटांत फिरवला तरी थर गळायला नको. गळत असेल तर गूळ कमी पडलाय. पाणी जास्त झालं तर भेंडीचं बी फुगतं आणि चोळताना साल सुटते. भेंडी रात्रभर भिजवायचीच असेल तर आधी भिजवा, निथळवा, मग प्रक्रिया करा. पेरणी त्याच दिवशी उरका.

सगळ्यात जास्त घोटाळा रंगीत बियाण्यात होतो. थायरम किंवा कार्बेन्डाझिम ही बुरशीनाशकं आधीच लावलेली असतील तर ट्रायकोडर्मा टिकत नाही आणि बी धुऊनही औषध पुरतं जात नाही. अशा वेळी पावडर बियाण्याला न लावता चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून वाफ्यात द्यावी. मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक मात्र ट्रायकोडर्माला फारसं बाधत नाही.

फरक मुळांवर दिसतो. रोप उपटून धुतलं की मानेजवळूनच पांढऱ्या तंतुमुळांची दाटी असते. पण वाफ्यात पाणी साचलं तर पिथियम हा मर आणणारा बुरशीसारखा जीव जोर धरतो आणि प्रक्रिया करूनही रोपं मानेशी पिचकून आडवी होतात. थंड मातीतही परिणाम मंदावतो. २५ ते ३० अंश सेल्सिअसला ट्रायकोडर्मा जोमाने वाढते.

कोबी-फ्लॉवरलाही ट्रायकोडर्मा चालतो. त्यांच्यासाठी मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी दुसरी उपयुक्त बुरशी) घेऊ नका, या कुळाच्या मुळांशी तिचं जमतच नाही.

पाकिटावरची मुदत बघूनच घ्या आणि गार, कोरड्या जागी ठेवा. उन्हात तापलेलं पाकीट वापरण्यात अर्थ नाही. बियाण्यावरचा थर रोपाच्या सुरुवातीच्या काळापुरताच. रोपं लावताना मुळं ट्रायकोडर्माच्या द्रावणात पुन्हा बुडवलेली बरी.