पाच फुटांचा पाया, तीन फुटांचे काँक्रीट आणि माझे ७४,१५० रुपये

हे लिहिताना मला लाज वाटते आहे आणि त्याहून अधिक संताप येतो आहे. घराच्या आवारात हॅम रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून चालवायच्या बिनतारी संदेश केंद्राच्या, अँटेनासाठी १२ मीटर उंचीचा मनोरा उभारायचा म्हणून मी काँक्रीटचा पाया करून घेतला आणि त्यात सर्व मिळून ७४,१५० रुपये घालवून बसलो. ठेकेदार सिमेंट-सळई कशी खातात हे आपण सर्वच जाणतो; मलाही ते ठाऊक होते, आणि तरीही मी फसलो.

मी निष्काळजी नव्हतो, हे आधीच सांगतो. माझ्याकडे दूरसंचार विभागाचा रीतसर परवाना आहे. पुणे जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावाबाहेर माझे घर आहे, तेथे उन्हाळ्यात वळवाचा वारा कसा सुटतो हे मी पाहिले आहे, आणि भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरलेला आहे हेही मी वाचले होते. तारांचा ताण न देता उभा राहणारा मनोरा त्याच्या पायाच्या वजनावरच तग धरतो. म्हणून एका अभियंत्याकडून आराखडा करून घेतला: दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्डा, एम-२० प्रतीचे काँक्रीट, १२ मिलिमीटरच्या सळयांची दुहेरी जाळी, सर्व बाजूंनी किमान ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. एवढ्या काँक्रीटचे वजन आठ टनांहून थोडे अधिक भरते. मनोऱ्याच्या तीन पायांसाठी २० मिलिमीटर जाडीचे, ६०० मिलिमीटर लांबीचे, खाली आकडा असलेले नऊ बोल्ट मी स्वतः ३,१५० रुपये देऊन करून घेतले आणि ठेकेदाराच्या हातात दिले.

हा ठेकेदार हार्डवेअरच्या दुकानदाराने सुचवला होता आणि शेजारच्या गल्लीतील एक कुंपणभिंत त्याने बांधली होती. मालासह ६२,००० रुपये ठरले. मी पक्के बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, बिल हवे तर देतो, पण मग अठरा टक्के वाढतील.’’ तेथे मी गप्प बसलो. आज कोणी मला तो प्रश्न विचारला तर मी अठरा टक्के डोळे झाकून देईन, कारण वहीच्या पानावरील कच्च्या पावतीला कोणी विचारत नाही. आगाऊ म्हणून २०,०००, सळई आली म्हणून १८,५००, आणि काँक्रीट टाकण्याच्या दिवशी सकाळी १७,००० असे एकूण ५५,५०० रुपये मी यूपीआयने दिले.

रविवारी मी स्वतः खड्ड्यात उतरून टेप लावला होता. खोली पाच फूट बरोबर होती. काँक्रीटही त्याच रविवारी टाकायचे होते. परंतु मिक्सर मिळत नाही, असे सांगून त्याने काम मंगळवारवर ढकलले. मंगळवारी मी कामावर, पत्नी शाळेत आणि घरी चौऱ्याहत्तर वर्षांची आई एकटी. ‘‘साहेब, एवढ्यासाठी कशाला रजा घालवता? प्रत्येक टप्प्याचा फोटो पाठवतो,’’ असे तो म्हणाला आणि मी मान्य केले.

आता तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पहिला फोटो आला. जाळी सुबक बांधलेली, कव्हर ब्लॉक जागच्या जागी, सळया जाड. आणि जाळीच्या मागे तांबड्या जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत. आमच्या आवाराची भिंत सिमेंटच्या करड्या ब्लॉकची आहे. आमच्या आळीत जांभ्याचा एक चिराही नाही, तो दगड कोकणातला. मी ती भिंत पाहिली. फोटो मोठा करून पाहिला. माझ्या मनात स्पष्ट विचार आला की ही आपली भिंत नव्हे. आणि मी स्वतःलाच समजावले की उन्हाचा रंग असेल, मागे मातीचा ढीग असेल. एक फोन करून ‘‘टेप लावून, घर दिसेल असा फोटो पाठवा’’ एवढे सांगायला अर्धे मिनिट लागले असते. मी ‘छान’ असे लिहून पाठवले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला होता. आईने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून, घड्या घालून जिन्याखाली ठेवल्या होत्या. ‘‘सोळाच आहेत रे,’’ ती म्हणाली. पावतीवर २८ होत्या. एम-२० ला घनमीटरमागे साधारण आठ गोण्या लागतात, म्हणजे या खड्ड्याला सत्तावीस. हा हिशेब मला तोंडपाठ होता. ठेकेदार म्हणाला, बाकीच्या गोण्या मजुरांनी नेल्या. तेही मी ऐकून घेतले. गोण्या मोजा, आणि मोजणाऱ्याचे ऐका.

दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ इमाने पाणी मारले. अठ्ठावीस दिवस पूर्ण झाल्यावर आमच्या गटातील एक ज्येष्ठ हॅम मदतीला आले. तळपट्टी बसवून त्यांनी पहिला नट आवळायला घेतला, आणि पान्याबरोबर बोल्टच फिरू लागला. त्यांनी पाना खाली ठेवला व माझ्याकडे पाहिले. थोडे हलवताच बोल्ट हातात आला: सात इंचांचा सरळ तुकडा, खालचे टोक करवतीने कापलेले, अंगाला सिमेंटच्या राडीचा पातळ थर. काँक्रीट टाकताना बोल्ट बसवलेच नव्हते. नंतर भोके पाडून, माझ्याच बोल्टांचे आकडे कापून, तुकडे चिकटवले होते. हा मनोरा उभा करून त्यावर कोणी चढले असते तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

बाजूने खणल्यावर तीन फुटांखाली काँक्रीट संपले. त्याखाली दोन फूट डबर आणि आमचाच उपसलेला मुरूम परत भरलेला होता. आठ टनांचा पाया पाच टनांच्याही आत आला होता. फोडल्यावर आत एकच जाळी निघाली, तीही ८ मिलिमीटरची. १२ ची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते, ८ ची ३९५; म्हणून माल येताच वजनकाट्याची पावती मागा आणि सळईची जाडी स्वतः मोजा. अभियंत्याच्या लेखी अहवालाचे ४,५०० आणि फोडून राडारोडा उचलण्याचे ११,००० रुपये वेगळे गेले.

ठेकेदार आता फोन उचलत नाही. पोलीस ठाण्यात मी तीन वेळा गेलो. ‘टॉवर’ हा शब्द ऐकताच पहिला प्रश्न आला, ‘‘कुठल्या कंपनीचा? भाडे किती देणार होते?’’ मोबाईल टॉवरच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी याचा संबंध नाही, हे समजावण्यात एक पूर्ण दुपार गेली. परवाना दाखवला, तर ‘‘छंदासाठी एवढा खर्च कशाला केला?’’ असे ऐकावे लागले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीनंतर अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर पोहोचवणारे हॅमच होते, हे मी सांगितले; समोरच्या माणसाने वर पाहिले नाही. दुसऱ्या वेळी साहेब बंदोबस्ताला गेलेले. तिसऱ्या वेळी ‘‘काम तर झाले आहे ना, मग ही दिवाणी बाब’’ असा निकाल. दुसऱ्याच जागेचा फोटो पाठवून त्याच सकाळी १७,००० रुपये पचवणे ही दिवाणी बाब कशी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, ती मी छापून नेली होती. कागद हातातही घेतला नाही. अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना. नगरपरिषदेत गेलो, तर अशा ठेकेदारांची आमच्याकडे नोंदच नसते, असे उत्तर मिळाले. मग नोंद कोणाकडे असते, याचे उत्तर कोणीही दिले नाही. अकरा आठवडे मी अर्ध्या रजा टाकून ही दारे झिजवली.

पोच मिळाल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. ती देत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मी हे अकराव्या आठवड्यात केले, ते पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पैसे यूपीआयने गेले होते म्हणून निदान त्याचा पुरावा तरी माझ्याकडे आहे. रोख दिले असते तर तेवढेही उरले नसते.

आयोगातील माझी तक्रार आता दाखल झाली आहे. सोबत अभियंत्याचा अहवाल आणि जांभ्याच्या भिंतीचा तो फोटो जोडला आहे. सात इंचांचा तुकडा आणि जिन्याखालच्या सोळा गोण्या मी सुनावणीसाठी वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत.