देठ परीक्षण चोख, निष्कर्ष मात्र कुलूपबंद

तासगाव तालुक्यातील एका खासगी माती, पाणी व देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) प्रयोगशाळेची सेवा आमच्या द्राक्षबागेसाठी गेले काही हंगाम घेत असल्याने तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप ज्या पद्धतीला आहे ती या एकाच ठिकाणची नाही.

तपासणीच्या कामाला नावे ठेवायला जागा नाही. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास काडीच्या तळाकडील पाचव्या पानाचा आणि फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरील पानाचा देठ घ्यायचा, हे तिथला कर्मचारी बागेत येऊन दाखवतो. पाते तिथेच खुडून टाकतो, रोगट वेलींचे देठ वगळतो आणि नमुना कागदी पिशवीतच भरतो. देठातील सोडियम वाढल्याचे त्यांनीच लक्षात आणून दिले, तेव्हा आम्ही बोअरचे पाणी कमी करून विहिरीवर भर दिला आणि पानांच्या कडा करपणे बरेच आटोक्यात आले. दरही वाजवी आहे.

अडचण अहवालाच्या दुसऱ्या पानावर सुरू होते. ‘इष्टतम पातळी’ या रकान्यातले आकडे कोणत्या वाणासाठी आहेत, डॉगरिज खुंटावर (दुसऱ्या जातीच्या मुळावर) कलम केलेल्या बागेसाठी की स्वतःच्याच मुळावरच्या, याचा उल्लेख नसतो, आणि विचारल्यास ‘ती आमची अंतर्गत माहिती आहे’ एवढेच उत्तर मिळते. वास्तविक हे आकडे परिसरातील बागायतदारांनी पैसे मोजून दिलेल्या नमुन्यांवरूनच बसवले आहेत, असे तिथला फलक अभिमानाने सांगतो. त्याच पानावर प्रयोगशाळेच्या स्वतःच्या टॉनिकची, म्हणजे वेलीला द्यायच्या वाढवर्धक मिश्रणाची, शिफारस असते आणि भिंतीवर त्याच्या चाचणी प्लॉटचे भरगच्च घड टांगलेले असतात, अर्थात छायाचित्रांत. ज्या प्लॉटवर फरक पडला नाही त्यांच्या नोंदी दाखवाल का, असे विचारल्यावर संचालक म्हणाले, “साहेब, त्या बाहेर गेल्या तर समोरचा दुकानदार त्याच दाखवून माझे गिऱ्हाईक पळवेल.”

ही भीती मी खोटी मानत नाही. बागायतदाराचे नाव, गट नंबर आणि उत्पन्न गुप्त ठेवणे हे तर प्रयोगशाळेचे कर्तव्यच आहे, आणि मिश्रणाचे प्रमाण राखून ठेवणे हा व्यापार म्हणून समजून घेता येईल. परंतु गुण न आल्याच्या नोंदी दडवल्या की तेच टॉनिक पुढचा बागायतदार कर्ज काढून विकत घेतो, आणि घटकच सांगितले नसतील तर अवशेषांचा धोकाही नकळत त्याच्याच माथी येतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या, अवशेषांवरून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, हे निर्यातीचा माल काढणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

शिवाय छापले की चोरी होते, हा हिशेब उलटाही पडतो. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट दिले गेले आणि सीएसआयआर या भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील नुसता वापर पुरेसा नव्हता, छापील पुरावा लागत असे, म्हणून आपल्याकडील जुने ग्रंथ आणि १९५३ मधला एक वैद्यकीय लेख उपयोगी पडला. घरोघरी माहीत असलेल्या हळदीचे रक्षण शेवटी उघड प्रसिद्ध झालेल्या मजकुराने केले. टॉनिकवाल्याची गोष्ट इतकी मोठी नाही, हे मान्य. तरीही थॉमसन या द्राक्षवाणातून निवडलेल्या ‘तास-ए-गणेश’ वाणाच्या काड्या ज्या भागातून बागोबाग गेल्या, तिथे निष्फळ चाचणीची एक वही उघडी ठेवायला इतका संकोच का वाटावा?

परीक्षणासाठी ही प्रयोगशाळा मी निःसंकोच सुचवीन. नमुना देतानाच मात्र वाण, खुंट आणि पाण्याचा स्रोत अहवालावर लिहून मागावा, आमच्या नमुन्याचे आकडे पुढे कुठे वापरले जातील हे लेखी विचारावे, आणि टॉनिकचे घटक डब्यावर नसतील तर शिफारशीचे पान दुकानापर्यंत नेऊ नये.