ग्दान्स्क की ग्दिनिया: फिरायला कुठलं, राहायला कुठलं

पोलंडच्या बाल्टिक किनाऱ्यावर जॉब किंवा ॲडमिशन मिळाली की पहिला प्रश्न हाच पडतो, घर ग्दान्स्कला बघायचं की ग्दिनियाला. मी दोन्हीकडे राहिलोय, आधी ग्दान्स्कच्या व्झेश्च भागात आणि नंतर ग्दिनियात, म्हणून लिहितोय. दोन्ही शहरं एसकेएम नावाच्या निळ्या-पिवळ्या लोकलनं जोडलेली आहेत, या टोकापासून त्या टोकाला साधारण ३५-४० मिनिटं, मध्ये सोपोट लागतं. म्हणजे एकीकडे राहिलात म्हणून दुसरं सुटत नाही, पण रोजचं जगणं मात्र खूप बदलतं.

नुसतं फिरायला येत असाल तर मुक्काम ग्दान्स्कलाच करा, आणि निदान तीन दिवस काढा. लोक ज्याला जुनं शहर म्हणतात त्याचं खरं नाव ग्वुव्ने म्यास्तो, म्हणजे मुख्य शहर. द्वुगी तार्ग चौकातलं १६३३ चं नेपच्यूनचं कारंजं, मारियात्स्का गल्लीतली अंबरची दुकानं, मोत्वावा नदीवरची ती प्रचंड लाकडी क्रेन, हे सगळं चालत बघून होतं. मारियात्स्की चर्चच्या टॉवरला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे बरे असतील तर चढाच. पण एक गोष्ट नक्की करा, दर्शनी इमारतींच्या मागे जा. १९४५ च्या मार्चमध्ये इथं जवळजवळ सगळा ढिगारा झाला होता, नंतर जुन्या नक्षीचे दर्शनी भाग परत उभे केले आणि त्यांच्या मागे कामगारांसाठी साधे फ्लॅट बांधले. समोर व्यापाऱ्यांचं श्रीमंत घर आणि मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे, मुलांचे झोपाळे. मला हे शहर आवडायला लागलं ते त्या अंगणांमुळे.

दुसरं न चुकवायचं ठिकाण म्हणजे शिपयार्डच्या दारातलं युरोपियन सॉलिडॅरिटी सेंटर, बाहेरून गंजलेल्या लोखंडासारखं दिसतं. सॉलिडॅरिटी म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत इथल्या संपातून उभी राहिलेली कामगार संघटना. १९८० च्या ऑगस्टमध्ये संपावरच्या कामगारांनी २१ मागण्या प्लायवूडच्या फळ्यांवर लिहून गेटवर टांगल्या होत्या, त्या फळ्या आत आहेत, त्यांच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. बाहेर तीन क्रूस आहेत ते डिसेंबर १९७० च्या गोळीबारात गेलेल्या कामगारांसाठी. दुसऱ्या महायुद्धाचं म्युझियम २०१७ ला उघडलं, त्याला अख्खा दिवस ठेवा. आणि हो, १९४३ ते १९४८ मध्ये आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक सगळे सोव्हिएत रशियातून हाल काढत आलेले. ओळख झाली की इथल्या म्हाताऱ्या माणसांशी हे जरूर बोला, गप्पांचा सूरच बदलतो.

आता ग्दान्स्कचं उणं. बंदराचं शहर म्हणून येता आणि जुन्या भागात समुद्र दिसतच नाही, नदी दिसते. बीचसाठी ट्राम पकडून ब्झेज्नोला जावं लागतं.

ग्दिनिया त्याच्या उलट. इथं मध्ययुगीन जुनं शहर नाही, १९२० च्या आसपास हे कोळ्यांचं छोटं गाव होतं. ग्दान्स्क तेव्हा पोलंडमध्ये नव्हतं, १९२० च्या सोव्हिएत रशियाबरोबरच्या युद्धात तिथल्या गोदी कामगारांनी पोलंडसाठी आलेला दारूगोळा उतरवायला नकार दिला, मग पोलंडनं ठरवलं की स्वतःचं बंदर हवं. १९२६ ला ग्दिनियाला शहराचा दर्जा मिळाला आणि १९३९ पर्यंत वस्ती सव्वा लाखाच्या आसपास गेली. पांढऱ्या, गोल कोपऱ्यांच्या, जहाजासारख्या बिल्डिंगा त्या काळातल्या आहेत. धक्क्यावर ब्विस्काविचा ही युद्धनौका आणि दार पोमोझा हे शिडाचं जहाज बांधून ठेवलंय, दोन्ही आत जाऊन बघता येतात. पर्यटकाला एक दिवस पुरतो. पण राहणाऱ्याला ऑफिस सुटल्यावर समुद्राकाठच्या त्या लांब बुलेव्हारवर चालायला मिळतं आणि त्याची किंमत मला दुसऱ्या हिवाळ्यात कळली.

मग राहायचं कुठं? पॉलिटेक्निक (म्हणजे इथली टेक्निकल युनिव्हर्सिटी) किंवा मेडिकलला ॲडमिशन असेल तर विचार करू नका, व्झेश्च. दोन्ही तिथंच आहेत, विमानतळाची ट्रेन तिथं येते, ट्राम आहे, दुकानं आहेत. आयटी ऑफिसं जास्त करून ग्दान्स्कच्याच ओलिवा भागाच्या बाजूला, त्यांच्यासाठीही व्झेश्च किंवा ओलिवाजवळचं प्शिमोझे सोयीचं, प्शिमोझेतल्या नागमोडी लांबलचक बिल्डिंगा दिसायला विचित्र वाटतात पण बीच चालत जाण्याइतका जवळ आहे. शिपिंगमध्ये असाल किंवा मेरिटाइम युनिव्हर्सिटीत, तर ग्दिनिया. जुन्या शहरात घर भाड्यानं घेऊ नका असंच सांगेन, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, आणि जुलै अखेरपासून तीन आठवडे डोमिनिकची जत्रा असते तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. बघायला ती जत्रा सुंदरच आहे.

भाड्याचं नीट बघा. जाहिरातीतल्या आकड्यात बऱ्याचदा चिन्श धरलेला नसतो, म्हणजे आपल्या सोसायटी मेंटेनन्ससारखा खर्च, आणि वीज-पाणी आणखी वेगळं. माझ्या पहिल्या घरमालकानं डिपॉझिटमधून भिंतीच्या रंगाचे पैसे कापले, तेव्हा मी आधी फोटो काढले नव्हते. तुम्ही चावी घ्यायच्या दिवशीच काढा.

हवेत दोन्हीकडे फार फरक नाही, फक्त ग्दिनियाचा वारा जास्त अंगावर येतो. डिसेंबरात साडेतीनच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे घर बघताना खिडक्या दक्षिणेला आहेत का विचारा, भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल. कुटुंब घेऊन येत असाल तर मी ग्दिनियाच म्हणेन. एकटे असाल आणि पोलिश अजून येत नसेल तर पहिलं वर्ष व्झेश्चला काढा, तिथं इंग्लिशवर निभावतं आणि लोक लवकर भेटतात.